गर्भाचं डोकं कुठं, पाठ कुठं, डावं कुठलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर-नांदेडकडची बीएस्सीची मुलं, नीटची तयारी करणारे, गावरान कोंबड्या पाळणारे शेतकरी, आशाताई अशा सगळ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथं एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात लागली तर तिथं त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शरीराचे अक्ष म्हणजे काय आणि ते किती असतात?

तीन. डोक्याकडून शेपटीकडे, पाठीकडून पोटाकडे आणि डावीकडून उजवीकडे. म्हैस, माणूस, कोंबडी, बेडूक, साप, मासा या सगळ्या पाठकणा असलेल्या प्राण्यांत हे तीन अक्ष भ्रूणाच्या अगदी सुरुवातीला ठरतात. अवयव त्यानंतर होतात. डावं-उजवं सगळ्यात शेवटी ठरतं, कारण डोकं आणि पाठ कुठं हे पक्कं झाल्याशिवाय ‘डावं’ या शब्दाला काही अर्थच उरत नाही.

२. म्हणजे डोक्याचं एक जनुक, शेपटीचं दुसरं, असं असतं का?

नाही. पुढचं काहीही वाचण्याआधी हा गैरसमज काढून टाका. डोक्यातल्या पेशीत जी जनुकं असतात तीच शेपटीतल्या पेशीतही असतात. कुठली चालू आणि कुठली बंद, एवढाच फरक. हे ठरतं पेशीपर्यंत कुठला रासायनिक संकेत किती पोचला यावरून.

जायकवाडीच्या कालव्यावर हेडचा शेतकरी ऊस लावतो आणि टेलचा ज्वारी-हरभऱ्यावर भागवतो. पाणी एकाच धरणाचं, पण शेतात किती पोचतं त्यावर पीक ठरतं. भ्रूणातही संकेताचं प्रथिन एका जागी तयार होतं आणि दूर जाता जाता विरळ होत जातं. जिथं दाट तिथल्या पेशी एक जनुकसंच चालू करतात, जिथं विरळ तिथल्या दुसरा. म्हणून परीक्षेत ‘अमुक जनुक डोकं बनवतं’ असं लिहू नका. ‘या भागात अमुक संकेत रोखला गेल्यामुळे तिथं डोकं होतं’ असं लिहा. का, ते प्रश्न ६ मध्ये आहे.

३. आम्ही फळमाशीचं बायकॉइड पाठ केलंय. मग बेडकात, कोंबडीत ते कुठं असतं?

नसतं. बायकॉइड हे जनुक माश्यांच्या एका गटापुरतंच आहे, बऱ्याच इतर कीटकांतही ते सापडत नाही. मादीनं अंड्याच्या पुढच्या टोकाला त्याचा आरएनए ठेवायचा आणि तिथून डोकं सुरू व्हायचं, ही माशीची रीत. बेडकाची आईही अंड्यात सामान ठेवते, पण ते वेगळं असतं आणि ठेवायची जागाही वेगळी. माशीवरून थेट माणसावर उडी मारली की उत्तर चुकतं. दोघांत खरोखर सारखी असलेली जनुकं म्हणजे हॉक्स (प्रश्न ७) आणि पाठ-पोट ठरवणारी जोडी (प्रश्न १५).

४. बेडकाच्या अंड्यात पाठ कुठल्या बाजूला, हे नेमकं कधी ठरतं?

फलनानंतर, पहिलं विभाजन होण्याच्याही आधी. प्रयोगशाळेतला झेनोपस बेडूक घेतला तर पहिलं विभाजन साधारण दीड तासानं होतं, आणि तेवढ्यात पाठीची बाजू नक्की झालेली असते.

अंड्याचा वरचा भाग गडद, खालचा फिकट, बलकाचा. शुक्राणू वरच्या भागात कुठंही शिरू शकतो. तो शिरला की अंड्याची बाहेरची साल आतल्या गाभ्यावरून सुमारे ३० अंश सरकते. तळाशी आईनं ठेवलेले काही घटक या सरकण्याबरोबर शुक्राणूच्या समोरच्या बाजूला जाऊन पोचतात. तिथं बीटा-कॅटेनिन नावाचं प्रथिन मोडलं जायचं थांबतं, ते पेशींच्या केंद्रकांत साठतं आणि पाठीची जनुकं चालू करतं. एरवी पेशी हे प्रथिन सतत मोडत असते. मोडणं थांबलं ती बाजू पाठ होते. या घटकांतला फार महत्त्वाचा एक, हुलुवा नावाचं मातृजनुक, २०१८ साली झेब्राफिश या प्रयोगशाळेतल्या छोट्या माशात सापडला. हे जनुक बिघडलेल्या मादीच्या पिल्लांना ना पाठ असते ना डोकं.

अंड्याच्या तळावर सरकण्याच्या आधी अतिनील किरण टाकले तर साल सरकत नाही आणि भ्रूण नुसता पोटाचा गोळा होतो. पण तेच अंडं थोडा वेळ आडवं करून ठेवलं, तर आतला जड बलक गुरुत्वानं घसरतो आणि पाठ पुन्हा मिळते! या प्रयोगातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. दिशा जनुकांत लिहिलेली नव्हती. एक छोटासा धक्का दिशा देतो, जनुकं तो धक्का मोठा करतात.

५. स्पेमान-मॅन्गोल्डचा प्रयोग दरवर्षी येतो. त्यातून नक्की काय सिद्ध झालं?

जर्मनीत हिल्डे मॅन्गोल्ड यांनी हान्स स्पेमान यांच्या मार्गदर्शनाखाली पीएचडीसाठी केलेला हा प्रयोग १९२४ साली प्रसिद्ध झाला. फिकट रंगाच्या न्यूटच्या (बेडकाचा शेपटीवाला भाऊबंद) भ्रूणातून ‘डॉर्सल लिप’ हा इवलासा तुकडा काढला आणि गडद रंगाच्या दुसऱ्या जातीच्या भ्रूणात पोटाच्या बाजूला बसवला. तिथं दुसरा भ्रूण उभा राहिला, पोटाला पोट चिकटलेल्या जुळ्यासारखा.

रंग वेगळे का घेतले, हे न लिहिल्यामुळे बरीच मुलं गुण घालवतात. रंगामुळे कळलं की दुसऱ्या भ्रूणाची मज्जानलिका (जिच्यातून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतात) मुख्यतः यजमानाच्या पेशींची होती, बसवलेल्या तुकड्याची नव्हती. तुकड्यानं स्वतः बहुतांशी नोटोकॉर्ड, म्हणजे पाठीतला लवचिक दांडा, केला, पण शेजारच्या पोटाच्या पेशींना ‘तुम्ही पाठ आहात’ असा आदेश दिला. म्हणून त्या तुकड्याला ऑर्गनायझर म्हणतात. पक्ष्यांत हेच काम हेन्सन नोड करतो, सस्तन प्राण्यांत नुसता नोड, माशांत शील्ड.

हिल्डे त्याच वर्षी घरातल्या स्टोव्हच्या भडक्यात भाजून वारल्या, वय २५. नोबेल १९३५ साली एकट्या स्पेमानना मिळालं. उत्तरात दोघांची नावं लिहा. हात हिल्डेंचे होते.

६. ऑर्गनायझर पाठ तयार करतो म्हणता, मग त्याची सगळी प्रथिनं ‘इनहिबिटर’, म्हणजे रोखणारी, कशी काय?

हा गोंधळ फार जणांचा होतो, आणि शास्त्रज्ञांचाही जवळजवळ सत्तर वर्षं होता. आदेश देणारा पदार्थ शोधताना मेलेला ऑर्गनायझर, भलतेसलते ऊतक, अगदी रंगद्रव्यंसुद्धा न्यूटमध्ये थोडीफार मज्जासंस्था उभी करतात असं दिसू लागलं आणि शोध गाळात रुतला. वाट मोकळी झाली ती १९९२ साली नॉगिन आणि १९९४ साली कॉर्डिन सापडल्यावर.

पोटाच्या बाजूनं बीएमपी नावाचा संकेत सुटतो. तो मिळाला की बाहेरच्या थरातली पेशी त्वचा होते. तो मिळाला नाही की तीच पेशी मज्जापेशी होते. म्हणजे मेंदूकडे जायची वाट पेशीला मुळातच मोकळी असते, बीएमपी ती अडवतो. ऑर्गनायझरमधून निघणारी कॉर्डिन, नॉगिन, फॉलिस्टॅटिन ही प्रथिनं बीएमपीला बाहेरच्या बाहेर पकडतात आणि पेशीपर्यंत पोचू देत नाहीत. अडवणाऱ्याला अडवलं, वाट उघडली.

डोकं-शेपटीचा हिशोबही याच धर्तीचा. शेपटीकडे विंट, एफजीएफ आणि रेटिनॉइक आम्ल (अ जीवनसत्त्वापासून बनणारं) या संकेतांचा जोर असतो. डोकं व्हायचं तर बीएमपीबरोबर विंटही रोखावा लागतो, ते काम सर्बेरस आणि डिककॉफ ही प्रथिनं करतात. बीएमपी रोखला पण विंट चालू राहिला, तर पाठ मिळते, डोकं नाही.

जाता जाता नेहमीची शंका: एकटं नॉगिन काढलं तर डोकं नाहीसं व्हायला हवं ना? होत नाही. एकाचं काम दुसरं सांभाळतं. उंदरात नॉगिन आणि कॉर्डिन दोन्ही काढल्यावर पुढचा मेंदू घडत नाही. बेडकात तिन्ही मिळून दाबली तेव्हा पाठीकडचं जवळजवळ सगळं गेलं.

७. हॉक्स जनुकं मग कुठं येतात? तीही अक्षच ठरवतात ना?

अक्ष ठरवत नाहीत. ठरलेल्या अक्षावर पत्ते टाकतात, म्हणजे इथं मान, इथं छाती, इथं कंबर. माणसात आणि उंदरात ती ३९ आहेत, चार गुणसूत्रांवर चार झुबक्यांत. गुणसूत्रावर ज्या क्रमानं ती बसलेली असतात, शरीरात डोक्याकडून शेपटीकडे साधारण त्याच क्रमानं चालू होतात. प्रत्येकात होमिओबॉक्स नावाचा १८० बेसजोड्यांचा सारखा तुकडा असतो. हे सगळं पाठ असू द्या.

समजून घ्यायला मात्र हाडं बरी. उंदरातली हॉक्स-१० गटाची तिन्ही जनुकं बंद केली तेव्हा कमरेच्या मणक्यांनाही बरगड्या फुटल्या. म्हणजे बरगडी न फुटणं हे सुद्धा कुणीतरी सांगावं लागतं. मानेचे मणके माणसात सात आणि जिराफातही सातच, कोंबडीत चौदा. मान संपून छाती सुरू होते तिथं, मणक्यांची संख्या काहीही असो, हॉक्स-सी-६ ची सीमा सापडते.

८. धामणीला एवढे मणके कुठून येतात? हॉक्स जास्त असतात का?

नाही. भ्रूणाच्या मागच्या टोकाला एक जनुकीय घड्याळ चालतं आणि त्याच्या प्रत्येक ठोक्याला सोमाइट्सची, म्हणजे ज्यांतून पुढे मणके घडतात त्या तुकड्यांची, एक जोडी सुटी होते. कोंबडीत साधारण दर ९० मिनिटांनी, झेब्राफिशमध्ये ३० मिनिटांनी, माणसात सुमारे ५ तासांनी. सापात हे घड्याळ त्याच्या वाढीच्या मानानं फार जलद चालतं, त्यामुळे तुकडे लहान आणि पुष्कळ पडतात. कॉर्न स्नेक या सापात ते ३०० च्या वर जातात.

९. कोंबडीच्या अंड्यात डोकं टोकदार बाजूला असतं ना? आणि मशीनमध्ये अंडी फिरवल्यानं पिल्लू वाकडं होतं का?

दोन्ही समज चुकीचे. सुरुवातीला भ्रूण अंड्याच्या लांबीला आडवा पडलेला असतो. अंडं बोथट बाजू डावीकडे करून समोर धरलं तर डोकं बहुतेक वेळा तुमच्यापासून लांबच्या बाजूला असतं. भ्रूणशास्त्रज्ञ फोन बाअर यांनी १९व्या शतकात नोंदलेला हा नियम आजही प्रॅक्टिकलमध्ये उपयोगी पडतो. थोड्या अंड्यांत तो चुकतो.

डोकं-शेपूट कोंबडीच्या पोटातच ठरतं. कवच चढताना अंडं गर्भाशयात सुमारे २० तास गोल फिरत असतं. आतली भ्रूणचकती तिरकी राहते आणि तिची वर राहिलेली कड मागची बाजू होते. पुढे त्याच कडेपासून प्रिमिटिव्ह स्ट्रीक, म्हणजे भ्रूणाचा अक्ष दाखवणारी पहिली रेघ, निघतो. अंडं हातात येतं तेव्हा हे झालेलं असतं, चकतीत हजारो पेशी असतात. म्हणून उबवणी यंत्रात अंडी फिरवल्यानं अक्ष बिघडत नाही. उलट फिरवायलाच हवीत, नाहीतर भ्रूण आवरणाला चिकटतो. बोथट बाजू वर ठेवा, हवेची पोकळी तिथं असते.

आपल्याकडे खरी अडचण एप्रिल-मेमध्ये येते. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या अंड्यात, उबवणीच्या ३७.५ अंशांपेक्षा बरंच कमी तापमान असलं तरी पेशी हळूहळू विभागू लागतात. अर्धवट सुरू झालेले असे भ्रूण मरतात आणि दोष कोंबड्याला दिला जातो. अंडी दिवसातून दोन-तीनदा गोळा करा आणि थंड जागी ठेवा.

१०. हृदय डावीकडेच का? कोण सांगतं त्याला?

पाठ आणि डोकं ठरल्यावर नोडच्या (प्रश्न ५) जागी एक छोटासा खळगा तयार होतो. त्यातल्या पेशींवरचे सूक्ष्म लव, म्हणजे सिलिया, एकाच दिशेनं आणि थोडे मागे कलून गरगर फिरतात. त्यामुळे खळग्यातला द्रव डावीकडे वाहतो. जपानमध्ये हिरोकावा यांच्या गटानं १९९८ साली उंदरात हा प्रवाह दाखवला. सिलिया नसलेल्या उंदरांत प्रवाह नव्हता आणि हृदय कुठल्याही बाजूला वळत होतं. पुढे नुसता कृत्रिम प्रवाह उलटा वाहवला, तेव्हा डावं-उजवंही उलटं झालं. प्रवाहामुळे डाव्या बाजूला नोडल हे जनुक जोर धरतं, ते पिटएक्स-२ चालू करतं आणि पिटएक्स-२ अवयवांना ‘ही डावी बाजू’ सांगतं. लेफ्टी हे प्रथिन नोडलला पलीकडे पसरू देत नाही.

एक अडनिडा प्रश्न हमखास येतो: हृदय डावीकडे, पण भ्रूणात हृदयाची नळी उजवीकडे का वळते? दोन्ही खरं आहे. नळीचा पहिला वळसा उजवीकडे पडतो, पुढच्या वाढीत हृदयाचं टोक डावीकडे येऊन स्थिरावतं.

११. कोंबडीतही सिलियाच का?

इथं अपवाद आहे. कोंबडीच्या हेन्सन नोडपाशी असा प्रवाह मिळत नाही. नोडभोवतीच्या पेशीच डावीकडे सरकतात आणि त्यामुळे सोनिक हेजहॉगसारखी जनुकं एका बाजूला उरतात. डुकरातही सिलियांचा खळगा नाही. पुढची साखळी, म्हणजे डावीकडे नोडल आणि मग पिटएक्स-२, सगळ्यांत तीच.

१२. एक्स-रे काढला तर भावाचं हृदय उजवीकडे निघालं. लग्नाचं बघायलोत. हा रोग आहे का?

सगळेच अवयव आरशातल्यासारखे उलटे असतील तर त्याला सायटस इन्व्हर्सस म्हणतात. साधारण दहा हजारांत एक माणूस असा असतो आणि बहुतेकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. काहींच्या बाबतीत मात्र सिलियाच मुळात अधू असतात. श्वासनलिकेतही तेच सिलिया असल्यानं लहानपणापासून सर्दी, सायनस, कफ आणि छातीचे संसर्ग पाठ सोडत नाहीत. यालाच कार्टाजेनर सिंड्रोम म्हणतात. शुक्राणूची शेपूटही तशाच रचनेची असते, म्हणून यातल्या बऱ्याच पुरुषांना मूल व्हायला अडचण येते. सिलियांचा हा आजार असलेल्यांत निम्म्यांचेच अवयव उलटे असतात, कारण प्रवाह नसला की बाजू नशिबावर पडते.

भावाला असा जुना कफ नसेल तर घाबरू नका. एकदा सोनोग्राफी आणि इको करून बाकीचे अवयव पाहून घ्या. फक्त हृदयच उलटं आणि बाकी सुलटं असेल तर हृदयात दोष असण्याची शक्यता जास्त असते. प्रत्येक डॉक्टरला हे आधी सांगायचं, कारण सगळेच अवयव उलटे असतील तर अपेंडिक्स डावीकडे दुखेल.

१३. गोठ्यात दोन तोंडांचं वासरू झालं. लोक हळदकुंकू वाहायलेत. हे कशानं होतं?

दोन प्रकार नीट वेगळे करा. मान आणि डोकी पूर्ण दोन असतील तर पुढच्या भागात अक्षच दुहेरी झाला, म्हणजे प्रश्न ५ मधल्या प्रयोगासारखं काहीसं निसर्गात घडलं. डोकं एक आणि चेहरे दोन असतील तर चेहऱ्याची रुंदी ठरवणाऱ्या संकेतांकडे संशय जातो. सोनिक हेजहॉग त्यातला मुख्य. कोंबडीच्या भ्रूणात तो वाढवला की चेहरा रुंद होतो, फार कमी पडला की दोन्ही डोळे मिळून एकच होतो. अमेरिकेतल्या आयडाहोत गाभण मेंढ्यांनी चौदाव्या दिवसाच्या सुमारास व्हेराट्रम ही डोंगरी वनस्पती खाल्ली की एकडोळी कोकरं जन्मत. त्यातलं सायक्लोपामाइन हेच द्रव्य हा संकेत रोखतं. त्याच वाटेनं पुढे त्वचेच्या एका कर्करोगावर औषध निघालं.

असं वासरू फारसं जगत नाही. त्याला गर्दीत ठेवू नका, पशुवैद्यकाला बोलवा. एकदा असं झालं म्हणून गाय विकायची गरज नाही.

१४. ग्रहणात सुनेनं भाजी चिरली म्हणून नातवाचा ओठ फाटला, असं घरात म्हणायलेत. खरं आहे का?

खोटं आहे, आणि त्या मुलीला असं बोलणं थांबवा. गर्भाचे तिन्ही अक्ष तिसऱ्या आठवड्यापासून ठरू लागतात आणि चौथ्यापर्यंत बहुतेक काम उरकतं. त्या वेळी पाळी चुकल्याचं नुकतंच लक्षात येत असतं. वरचा ओठ सातव्या आठवड्याच्या सुमारास जुळून पुरा होतो. सातव्या महिन्यातल्या ग्रहणात घरात सुरी चालली काय आणि न चालली काय, ओठाचं काम कधीच संपलेलं असतं. आणि त्याआधी ग्रहण आलं असलं, तरी चंद्राच्या सावलीचा पेशींतल्या संकेतांशी काही संबंध नाही. फाटलेला ओठ शस्त्रक्रियेनं चांगला दुरुस्त होतो, बाळ लहान असतानाच दाखवा.

जपायचं ते वेगळंच. गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक आम्ल घ्या, कारण मज्जानलिका २८ व्या दिवसापर्यंत मिटते आणि गोळी उशिरा सुरू केली की तिचा उपयोग निघून गेलेला असतो. मधुमेह असेल तर गर्भ राहण्याआधीच साखर आटोक्यात आणा, अनियंत्रित साखरेनं हृदयाचे आणि डाव्या-उजव्याचे दोष वाढतात. दारू, तंबाखू नको.

आणखी एक गोष्ट मुली विचारतात ती पिंपल्सच्या गोळीची. आयसोट्रेटिनोइन हे रेटिनॉइक आम्लाचंच रूप आहे (प्रश्न ६), ते पेशींना चुकीचा पत्ता देतं. त्यानं गर्भाचे कान, हृदय, मेंदू बिघडतात. ती चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर गर्भ राहू देऊ नका. गाजराची भीती नको. हे द्रव्य किती जोरकस आहे ते भारतातच दिसलं: ओडिशात प्रियंबदा मोहंती-हेजमाडी आणि सहकाऱ्यांनी शेपूट कापलेल्या बेडूकमाशांना अ जीवनसत्त्व दिलं, तर शेपटीच्या जागी पाय उगवले. १९९२ साली हे ‘नेचर’मध्ये छापून आलं.

१५. कीटकांची मज्जारज्जू पोटाकडे आणि आपली पाठीकडे. मग आपण उलटे झालेले कीटक का?

जवळजवळ हेच फ्रान्समध्ये जॉफ्रवा सँ-तिलेर यांनी १८२२ साली मांडलं होतं, आणि त्यावर पुष्कळ टीका झाली. जनुकं हाती आल्यावर दिसलं की आपल्या कॉर्डिनचा भाऊबंद माशीत सॉग आणि बीएमपीचा डीपीपी. माशीत सॉग पोटाकडे असतो, आपल्यात कॉर्डिन पाठीकडे. मज्जासंस्था दोघांतही जिथं बीएमपी रोखला तिथंच होते. मात्र आपण कीटकांपासून झालो असा याचा अर्थ नाही. दोघांच्या फार जुन्या समान पूर्वजात ही जोडी होती आणि एका फांदीत तिची दिशा फिरली.

१६. कॉलेजात हे डोळ्यांनी बघता येईल का? बेडूक तर बंद झाले.

बेडूक पकडू नका, बैलबेडकाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. कोंबडीचं अंडं पुरेसं आहे. दुकानातली अंडी चालणार नाहीत, ती कोंबड्याशिवाय दिलेली असतात. कोंबडा सोबत असलेल्या गावरान कोंबड्यांची ताजी अंडी घ्या. उबवायला ठेवल्यापासून १८ तासांनी प्रिमिटिव्ह स्ट्रीक पूर्ण लांबीचा दिसतो, त्याच्या पुढच्या टोकाला हेन्सन नोड. २४ तासांनी पहिले सोमाइट्स. ३३ तासांनी हृदयाची नळी उजवीकडे फुगलेली. ४८ तासांच्या भ्रूणाचं डोकं कुशीवर वळून डावी बाजू बलकाकडे झालेली असते, आणि स्लाइडवर डावं-उजवं ओळखताना बहुतेक मुलं इथंच फसतात. म्हणून भ्रूण काढण्याआधी पेन्सिलीनं वहीत बोथट टोक कुठं होतं ते काढून ठेवा.